देणगीमागचा हेतू कायद्याने कसा राखावा

पंढरपूरच्या धर्मशाळा, सोलापूर शहरातील वसतिगृहे, वाचनालये आणि शाळा यांच्या भिंतींवर दात्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या जागोजागी दिसतात. मात्र पाटीवर नाव कोरले गेले म्हणजे दात्याची इच्छा सुरक्षित झाली, असे मानणे चूक आहे. पावतीवर नुसता ‘देणगी’ हा शब्द असेल, तर ती रक्कम सहसा संस्थेच्या सर्वसाधारण निधीत जमा होते आणि विश्वस्त ती संस्थेच्या कोणत्याही उद्दिष्टासाठी वापरू शकतात. सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमागधारकाने विणकरांच्या मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी म्हणून केवळ तोंडी सांगून दिलेले पैसे पुढे शाळेच्या कुंपणावर खर्च झाले, तर तो गैरवापर होता हे सिद्ध करणे फार अवघड जाते. कायदा हेतूचे रक्षण करतो, पण तो हेतू पैसे देण्यापूर्वी कागदावर आलेला असावा लागतो.

म्हणून पहिले काम संस्थेचे कागद पाहण्याचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचा शेड्यूल एकचा उतारा (विश्वस्त आणि मिळकती यांची सरकारी नोंद) आणि घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, किंवा न्यासपत्र यांच्या प्रती मागून घ्याव्यात. संस्था देण्यास कुरकुर करत असेल, तर सोलापुरातील धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज करावा. आपण ज्या कामासाठी देऊ इच्छितो ते काम घटनेतील उद्दिष्टांत बसते का, हे आधी वाचावे, कारण उद्दिष्टांबाहेरची अट विश्वस्तांनी मान्य केली तरी ती टिकत नाही. देणगी मागायला आलेल्या व्यक्तींची नावे उताऱ्यावर विश्वस्त म्हणून आहेत का, हेही पाहावे. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो; तो वर्षानुवर्षे प्रलंबित असेल किंवा दोन गट भांडत असतील, तर माझ्या मते मोठी रक्कम तूर्त थांबवलेली बरी. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराला पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ हा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि वक्फ मालमत्तांचाही कायदा निराळा आहे, त्यामुळे तेथे पुढील सूचना जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

यानंतर देणगीचे पत्र लिहावे. त्यात रक्कम, हेतू, लाभार्थी कोण, मुद्दल खर्च करायचे की केवळ व्याज, आणि हिशेब दरवर्षी कोणाला कळवायचा, हे स्पष्ट असावे. मुद्दल कायम राहावे अशी इच्छा असेल, तर ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीचा भाग राहावी’ असे नेमके वाक्य लिहावे. प्राप्तिकर कायद्यातही कायम निधीची देणगी वेगळी मानली जाण्यासाठी दात्याचा असा विशिष्ट निर्देश आवश्यक असतो. विश्वस्त मंडळाने या अटींसह देणगी स्वीकारल्याचा ठराव करावा आणि त्याची प्रत मिळाल्यावरच धनादेश द्यावा. रोखीने देणे शक्यतो टाळावे: पुरावा कच्चा राहतो, शिवाय २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर प्राप्तिकरातील वजावट मिळत नाही.

जागा किंवा इमारत देताना काळजी अधिक घ्यावी लागते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांसह नोंदणीकृत असावे लागते आणि दात्याच्या हयातीत त्याचा स्वीकार व्हावा लागतो. शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेला द्यायची असल्यास कुळकायद्याखालील परवानगी आधी पाहावी. ‘मला वाटेल तेव्हा जागा परत घेईन’ अशी अट कायद्याने निरर्थक ठरते. परंतु दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडल्यास बक्षीस रद्द होईल, असे दोन्ही पक्षांना ठरवता येते. मी मात्र जागा कुटुंबाकडे परत यावी या अटीपेक्षा, वसतिगृह बंद पडल्यास ती त्याच कामाच्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जावी अशी तरतूद पसंत करीन, कारण पहिल्या अटीमुळे करसवलतीत अडचण येऊ शकते आणि वारसांत वादही उभे राहतात. हा मसुदा दिवाणी वकिलाकडूनच करून घ्यावा.

जागा एकदा संस्थेच्या नावे झाली, की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ कामी येते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना ती विकता, बदलून देता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाड्याने देण्यासही हीच परवानगी लागते. अपवादात्मक परिस्थितीत नंतर मंजुरी देण्याची सोय कायद्यात आली आहे, त्यामुळे निव्वळ या कलमावर विसंबू नये. मिळकतीची नोंद शेड्यूल एकवर चढली की नाही, हे दात्याने स्वतः जाऊन पाहावे. नोंद नसलेली मिळकत परस्पर फिरवणे सोपे जाते.

काळ बदलतो आणि मूळ हेतू अशक्यही होतो. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी ठेवलेला निधी गिरण्या बंद पडल्यावर कोणासाठी वापरायचा, हा सोलापुरात काल्पनिक प्रश्न नाही. अशा वेळी विश्वस्तांनी परस्पर निर्णय घ्यायचा नसून, याच अधिनियमाच्या कलम ५५ व ५६ नुसार न्यायालयाकडून निर्देश घ्यायचे असतात, आणि न्यायालय मूळ इच्छेच्या शक्य तितक्या जवळचा उपयोग शोधते. दात्याने पत्रातच दुसरा पर्याय लिहून ठेवला, तर न्यायालयाला त्याचे मन ताडत बसावे लागत नाही.

अटी मोडल्या गेल्या, तर ठराव, पत्र व पावती जोडून धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करावी. आयुक्त कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात, चौकशी लावू शकतात आणि गंभीर गैरप्रकारात कलम ४१ड खाली त्यांना निलंबित वा दूर करू शकतात. कलम ५०चा दावा, म्हणजे संस्थेच्या कारभाराविषयीचा न्यायालयातील दावा, आयुक्तांच्या संमतीने हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आणू शकतात. येथे एक मेख आहे: हितसंबंधी व्यक्तीच्या व्याख्येत विश्वस्त, लाभार्थी, संस्थेचे सभासद यांचा उल्लेख आहे, देणगीदाराचा नाही. म्हणून मोठी देणगी देणाऱ्याने घटनेत सोय असल्यास स्वतः आणि कुटुंबातील आणखी एकाने त्या संस्थेचे आजीव सभासद व्हावे, आणि हे सभासदत्व देणगीच्या ठरावातच नमूद करून घ्यावे.