करंट मीटर पिशवीतच राहिलं

माण नदीच्या खोऱ्यात कामाला लागलो तेव्हा पिशवीत वाहत्या पाण्याचा वेग मोजणारं नवंकोरं करंट मीटर होतं. दोन वर्षांत ते जेमतेम चारदा बाहेर निघालं. ही नदी साताऱ्याच्या डोंगरात उगवते, म्हसवडवरून जाऊन पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. पण वर्षातले बहुतेक महिने पात्रात वाळू आणि वेड्या बाभळी. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यातलाही बराचसा परतीचा. इथं पाण्याचा अभ्यास म्हणजे विहिरींचा अभ्यास, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आम्हीही तेच महिने धरले. पहिल्याच मे महिन्यात एका विहिरीत चार मीटरची घट आली. मी घाबरून थेट अहवालच लिहिला. वरिष्ठांनी एकच विचारलं, "मोटर कधी बंद झाली होती?" मी पोचायच्या अर्धा तास आधी! मालक आजोबा हसून म्हणाले, "लाइट यायच्या आत या की सायेब, रातभर झरे भरत्यात." तेव्हापासून वहीत मोटरच्या वेळेचा वेगळा रकाना आहे. टेप कठड्यावरून सोडलात तर कठड्याची उंची वजा करायची, हेही माझं असंच चुकून शिकणं.

खडक विहिरीच्या भिंतीवरच वाचायचा: वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, खाली काळा पाषाण. आपल्या बेसॉल्टमध्ये शंभर लिटर खडकातून पाणी दोन-तीन लिटरच सुटतं. त्यामुळे विहीर चटकन भरते आणि तितक्याच चटकन तळ गाठते.

गावात पाणी किती आलं आणि किती उपसलं, या ताळेबंदाचं गणित सोपं आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हिवरे बाजार पाऊस मोजून पिकं ठरवतं, ते याच हिशोबावर. घोडं अडतं ते उपशापाशी. ग्रामसभेत बोअर किती म्हणून विचारलं, तर डाळिंबवाले एकदम गप्प होतात. मी मग विचारणंच सोडलं. संध्याकाळी शिवारातून चक्कर मारतो आणि स्टार्टरच्या पेट्या मोजतो.