निओबियमची पातळ फिल्म अतिसंवाहक राहावी म्हणून

शुद्ध निओबियमचा जाड तुकडा सुमारे ९.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होतो, म्हणजे त्याचा विद्युत रोध शून्य होतो. स्पटरिंगने, म्हणजे आर्गॉनच्या आयनांनी धातूच्या तबकडीतून (टार्गेट) अणू उडवून, बसवलेली त्याच धातूची फिल्म मात्र कधी ९, कधी ७ केल्व्हिनला होते, तर कधी द्रव हेलियमच्या ४.२ केल्व्हिनलाही होत नाही. बहुतेक वेळा दोष निर्वात चेंबरमध्ये उरलेल्या वायूंचा असतो. निओबियममध्ये विरघळलेल्या ऑक्सिजनच्या दर एक टक्का अणूंमागे संक्रमण तापमान (ज्याला धातू अतिसंवाहक होतो ते) जवळपास ०.९ केल्व्हिनने उतरते.

म्हणून आधी निर्वात पाहावा. दाब एका टॉरचा (दाबाचे एकक) दहा लाखावा भाग असेल, तर वायूचा एक अणुथर साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर बसू शकतो. दाब शंभरपटीने कमी केला, तर त्यालाच शंभर सेकंद लागतात. धातू सेकंदाला एक नॅनोमीटर वेगाने बसत असेल, तर अशुद्धतेला कमी वाव मिळतो. हाच वेग दशांशावर आणल्यास तेवढ्याच निर्वातात फिल्म दहापट मळकट होते. सावकाश वाढवलेली फिल्म चांगली, हा समज इथे महागात पडतो.

पुण्यात जून ते सप्टेंबरमध्ये चेंबर उघडताना विशेष जपावे, कारण दमट हवेतील बाष्प भिंतींना चिकटते आणि पंपाला सहज दाद देत नाही. चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरून उघडावा, लगेच बंद करावा आणि भिंती तापवून रात्रभर पंप चालू ठेवावा. त्यानंतर नमुन्यासमोरचे शटर मिटून काही मिनिटे स्पटरिंग करावे: भिंतींवर बसणारे ताजे निओबियम उरलेला ऑक्सिजन आणि बाष्प स्वतःच शोषून घेते.

आर्गॉनचा दाब कमी असल्यास फिल्म घट्ट, पण आतून दाबली गेलेली, म्हणजे संपीडन ताणाखाली वाढते. तो जास्त असल्यास कणांमध्ये फटी राहतात आणि बाहेर काढल्यावर त्यांतून ऑक्सिजन आत शिरतो. योग्य दाब टार्गेट झिजत जाते तसा सरकतो, त्यामुळे जुन्या नोंदीवर विसंबू नये. पातळ काचपट्टीवर फिल्म बसवून पट्टीचा बाक पाहावा; त्यावरून ताण कळतो.

ॲल्युमिनियमचे मात्र उलटे आहे: किंचित ऑक्सिजनमध्ये बाष्पीभवनाने बसवलेली त्याची कणीदार फिल्म मूळ धातूच्या १.२ केल्व्हिनच्याही वर अतिसंवाहक होते.

सुरुवात १०० नॅनोमीटर जाडीने करावी, कारण १० नॅनोमीटरखाली संक्रमण तापमान एरवीही घसरते आणि दोष कशाचा ते कळत नाही. चार टोकांच्या पद्धतीने (दोन टोकांतून प्रवाह, उरलेल्या दोनांवर व्होल्टेज) ३०० आणि १० केल्व्हिनच्या रोधांचे गुणोत्तर काढावे. ते एकाच्या जवळ आले, तर फिल्म मळकट समजून पुन्हा निर्वाताकडेच वळावे.