पुण्याहून सहकुटुंब गडावर निघताय? या चुका टाळा

घरच्यांसोबतचा ट्रेक फसतो त्याची कारणं थोडीच असतात, आणि बहुतेक वेळा तीच ती असतात. बेत आखतो घरातला सगळ्यांत दमदार माणूस, तोही स्वतःच्या चालीच्या हिशोबाने. चालायचं मात्र सहा वर्षांच्या मुलीला आणि गुडघे धरलेल्या आजीला असतं. गड, निघायची वेळ, पाणी, परतीचा तास हे सगळं घरातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या मापाने ठरवलं, तर पुढे लिहिलेल्यातल्या निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

गडाची उंची पाहून निवड करणं

माहितीत दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. सिंहगड 1312 मीटर म्हणजे आपण तेवढं चढत नाही. पुणंच मुळात साडेपाचशे मीटरच्या वर आहे. आतकरवाडीतून प्रत्यक्ष चढाई सहाशे मीटरच्या आसपास भरते. कळसूबाई 1646 मीटर, पण बारी गावातून खरी चढाई आठशेच्या आसपास. लोहगडाला लोहगडवाडीपर्यंत गाडी नेली तर उरतात त्या पायऱ्या. मळवली स्टेशनवरून चालत निघालात तर दोनेक तासांची चाल आधीच पायात येते. गड तोच, दिवस अगदी वेगळा.

वेळ काढायला नेस्मिथचा जुना नियम (1892) अजून उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा नियम सराव असलेल्या प्रौढासाठी आहे. दहा वर्षांखालचं मूल किंवा साठीपुढचं माणूस सोबत असेल तर उत्तराची दीडपट करा, दोन्ही असतील तर दुप्पट. सिंहगडाची वाट सुमारे तीन किलोमीटरची. नियमाने दीड तास येतो, घरच्यांसोबत अडीच ते तीन धरा.

उतरायला निम्मा वेळ लागेल असं समजू नका. मुरमाच्या घसाऱ्यावर मुलं बसून बसून उतरतात, मोठ्यांचे गुडघे कुरकुरायला लागतात. चढाईइतकाच वेळ राखून ठेवा.

नकाशात नुसतं ‘राजगड’ टाकणं

एकाच गडाला दोन-तीन वाटा असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. राजगडाला गुंजवण्यातून जाणारी चोरदरवाजाची वाट शेवटी कातळावरून, रेलिंग धरून चढते. रविवारी तिथे वरचे आणि खालचे समोरासमोर येतात आणि लहान मूल कडेला ताटकळत उभं राहतं. मुलं, आजी-आजोबा असतील तर पाली दरवाजाची वाट धरा. ती लांब वाटते, पण रुंद आहे आणि पायऱ्यांची आहे. नसरापूर फाट्यावरून आत वळल्यावर मार्गासनीला दोन्हीकडचे रस्ते वेगळे होतात, म्हणून नकाशात गडाचं नव्हे, पायथ्याच्या गावाचं नाव टाका आणि तेवढा भाग ऑफलाइन उतरवून घ्या. वर पोचल्यावर बालेकिल्ल्याचा चढ छोट्यांसाठी सोडून द्यावा, पद्मावती माचीवर दिवस सुखाने जातो.

हरिश्चंद्रगडाचंही तसंच: घरच्यांसोबत पाचनईची वाट. कात्रज ते सिंहगड ही चाल मुलांना घेऊन करू नये.

दुसरी फसगत ढोरवाटांची. पावसानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि गुरांनी पाडलेल्या वाटा मुख्य वाटेसारख्याच मळलेल्या दिसतात. चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा आणि त्याच बाजूने फोटो काढा, कारण उतरताना डोंगर तसाच दिसणार आहे. वाट अचानक काटेरी झाली किंवा सपाट होऊन कड्याच्या बाजूने आडवी जायला लागली, तर पुढे रेटू नका. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या.

दोन दिवसांत दोन गड

शनिवारी तोरणा, रविवारी राजगड हा बेत कागदावरच छान दिसतो. दुसऱ्या सकाळी मुलांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात. मोठी चढाई शनिवारी पहाटेच करा, मुक्काम पायथ्याच्या गावात ठेवा, रविवारी सकाळी शिवारात किंवा धरणाकाठी तासभर फिरून जेवायला घरी या. रविवारी संध्याकाळी सातारा रस्त्यावर खेड-शिवापूर ते नवले पूल या पट्ट्यात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. दिवसभर गड चढलेल्या माणसाने तिथे गाडी चालवणं हा सहलीतला सगळ्यांत धोक्याचा टप्पा ठरू शकतो.

भंडारदऱ्याला जाणार असाल तर शुक्रवारी दुपारीच निघा, अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. जवळ, निवांत आणि सगळ्यांना जमेल असं हवं असेल तर भोरजवळचं रायरेश्वर बघा. शिडी चढली की पुढे पठारच पठार, वर वस्ती आहे, आणि आधी कळवलं तर चुलीवरची भाकरीही मिळते. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगा: किती माणसं, किती वाजता, तिखट किती. बाथरूमची सोय कुठे होईल तेही त्याच फोनवर विचारून घ्या. बायकांचे आणि मुलींचे हाल या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे होतात. स्वच्छतागृह वर नाही असं कळलं की मुली पाणी पिणंच टाळतात आणि उन्हात त्यांनाच आधी चक्कर येते.

पाण्याचं वजन विसरणं

मोठ्यांना माणशी तीन लिटर, मुलांना दीड ते दोन. चौघांचं पाणी दहा लिटर होतं, म्हणजे दहा किलो. ते एकाच सॅकमध्ये भरलं की ती सॅक घेणारा तासाभरात बसतो. बाटल्या वाटून घ्या. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको. वीस किलोच्या मुलाने एक बाटली आणि आपलं जाकीट घेतलं तरी पुष्कळ झालं. सिंहगडावर ताक, दही, लिंबू सरबत मिळतं म्हणून सगळीकडे मिळेल असं धरू नका. टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय पिऊ नये.

ओआरएसमध्ये एक चूक सर्रास होते. साधारण 21 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण दाट होतं, मळमळ वाढते आणि मूल ओकतं. छोटी बाटली असेल तर 200 मिलिलिटरचं छोटं पाकीट घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

माळ्यावरचे बूट

चार-पाच वर्षं खोक्यात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवे दिसतात. पण बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलीयुरेथेनचा फोम असतो आणि दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. मग अर्ध्या चढावर टाचेकडून फट पडते, दहा पावलांत सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा. कडेला बारीक भेगा दिसल्या किंवा भुसा गळला, तर ते बूट राहू द्या. वाटेत असं झालंच तर जास्तीची लेस पंजाखालून आणि घोट्याभोवती दोनदा गुंडाळा, वरून इन्सुलेशन टेप मारा, उतरण्यापुरतं निभतं. लेस आणि टेप मिळून शंभर ग्रॅमसुद्धा होत नाहीत, कायम सॅकमध्ये ठेवा.

नवे बूट त्याच दिवशी काढणं हीही तितकीच वाईट चूक आहे. आधी दोन आठवडे तळजाईवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर चालून घ्या. टाचेला चुरचुरलं की लगेच थांबून तिथे कापडी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून फार उपयोग नसतो. निघण्याआधी पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना अंगठा काळानिळा होतो. जीन्स नको: भिजली की जड होते, मांड्यांना घासते, आणि वाऱ्यात अंग गार पडतं.

मूल मध्येच बसलं तर

हट्ट समजून ओरडू नका. बहुतेकदा भूक असते. दर चाळीस मिनिटांनी थोडं थोडं खायला द्या: शेंगदाणे-गूळ, खजूर, दशमी, काकडी, संत्रं. दहा मिनिटं सावलीत बसवा. तरी उठत नसेल, अंग तापलेलं असेल किंवा डोकं दुखत असेल, तर गड तिथेच सोडा आणि खाली उतरा.

परतीची वेळ घरूनच ठरवून निघा. सूर्यास्तातून उतरायचा वेळ वजा करा, वर आणखी एक तास वजा करा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; उतरायला दोन तास असतील तर तीन वाजता माथा सोडायचा. तीनपर्यंत माथा आला नसेल, तरी वळायचंच. मोबाइलचा उजेड बॅटरी खातो आणि एक हात अडवतो, म्हणून प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, वेगळी टॉर्च द्या.

पाऊस, ओढा, मोहोळ

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो, आपल्या डोक्यावर थेंबही नसतो, आणि घोट्याएवढा प्रवाह काही मिनिटांत छातीला लागतो. पाणी गढूळ होणं, पाला-काटक्या वाहत येणं, आवाज वाढणं: यातलं एकही दिसलं की सामान गोळा करत बसू नका, मुलांना उचलून बाहेर या. सकाळी ओलांडलेला ओढा परतताना मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका, पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदी घालतं. आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात विचारून घ्या.

कड्यांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या आसपास धूर, गोंगाट, उग्र अत्तर काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणीने किंवा जाकिटाने तोंड झाका, मुलाला अंगाखाली घ्या आणि तिथून लवकर दूर व्हा. काटे दिसतील तसे खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा मुलाला खूप डंख झाले, तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. फोन लागला की आधी गडाचं नाव, मग पायथ्याचं गाव, कोणत्या वाटेवर आणि कुठल्या टप्प्यावर आहात, किती जण, कुणाला काय लागलंय, हे याच क्रमाने सांगा. बोलणं मध्येच तुटलं तरी निघणाऱ्यांना दिशा मिळालेली असते. मग पायथ्याच्या ज्या घरी जेवण सांगितलंय तिथे फोन करा. गावातली पोरं बहुधा सगळ्यांच्या आधी पोचतात, म्हणून तो नंबर एकाच्याच नव्हे, घरातल्या दोन-तीन मोबाइलमध्ये असावा.