गोव्याच्या पावसात आणि वाऱ्यात मोटारसायकल कशी चालवावी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली तरी गोव्यातून हलायचे नाव घेत नाही. चार महिने गाडी घरात ठेवणे कुणालाच परवडत नाही. डिचोलीहून पणजीला कामाला जाणारा, म्हापशाच्या बाजारात भाजी नेणारी, दिवसभर भाडी मारणारा पिवळ्या मडगार्डचा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला), सगळे दुचाकीवरच. पावसात सावकाश जावे हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी सावकाश जाणाराही पडतो, कारण ब्रेक, गिअर, वळण हे सगळे तो कोरड्या रस्त्यासारखेच शेवटच्या क्षणी करतो. पावसात प्रत्येक गोष्ट जरा आधी आणि हलक्या हाताने करायची. वाऱ्याचेही तसेच. तो कुठल्या बाजूने येणार हे पुलावर चढण्याआधीच लक्षात घ्यायला हवे.

निघण्याआधी

टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरे असतात. त्याच्या रेषेत खाचेमध्ये बारीक उंचवटा दिसतो. रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आले की टायर संपला. खरे तर तिथवर थांबूच नये. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे, आणि खाच उथळ झाली की ते काम आधीच मंदावलेले असते. पकड वाढावी म्हणून हवा कमी करायला सांगणारे जाणकार नाक्यानाक्यावर भेटतात. त्यांचे ऐकू नका. हवा कमी असलेला टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कंपनीने सांगितली तेवढीच हवा भरा, तीही टायर थंड असताना.

रेनकोट दोन तुकड्यांचा, अंगासरशी आणि भडक रंगाचा घ्या. डोक्यावरून घालायचा झगा स्वस्त पडतो, पण वारा भरला की त्याचे शीड होते आणि त्याचे टोक चेनमध्ये किंवा चाकात जाऊ शकते. मागे बसलेल्याने छत्री उघडणे ही गोव्यातली जुनी खोड. एका झोताबरोबर ती चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. भिजलेले परवडले.

हेल्मेटची काच पारदर्शक हवी. काळी काच पावसाळी संध्याकाळी उपयोगाची नाही, आणि ओरखडे पडलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा दिवा पसरून काहीच दिसत नाही. आतून वाफ धरत असेल तर भांडी घासायच्या साबणाचा अगदी पातळ थर आतल्या बाजूला लावून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. चालताना काच बोटभर उघडी ठेवली तरी फरक पडतो.

रस्ता कुठे दगा देतो

बराच वेळ उघडीप असल्यावर येणारी पहिली सर सर्वांत वाईट. रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात कालवून निसरडा थर तयार होतो, आणि जोराचा पाऊस तो धुऊन नेईपर्यंत तसाच राहतो. घाई नसेल तर तेवढा वेळ टपरीवर चहा घ्यावा. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, पुलावरचे लोखंडी सांधे यांवरून जाताना गाडी सरळ ठेवा. त्यांच्यावर ब्रेक नको, कलणे नको, एकदम रेसही नको. उतारावरून जांभ्याची तांबडी माती रस्त्यावर वाहून आलेली असते. ती नुसती ओली दिसते, पण खाली लोण्यासारखा चिखल असतो. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहेच असे धरून चाला. पुढच्या गाडीची चाके जिथून गेली तिथे पाणी थोडे कमी असते, त्या रेषेत राहा.

फेरीबोटीचा उतार हा वेगळाच विषय आहे. चोडण, दिवाडी या बेटांवर जाणाऱ्यांना तो रोजचा, नवख्याला मात्र हमखास पाडणारा. ओहोटीला उघड्या पडलेल्या भागावर शेवाळ असते, आणि पुढे बोटीचा लोखंडी पत्रा. मागच्या माणसाला वरच उतरवा. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सरळ, मागचा ब्रेक हलका धरून खाली जा. शेवाळावर पुढचा ब्रेक दाबू नका. समोरच्याने जागा करून दिल्याशिवाय उतारावर गाडी घालूच नका, कारण मध्येच थांबून पाय टेकला की पायच घसरतो.

रात्री गुरे डांबरावर येऊन बसतात. भिजलेली काळी म्हैस दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसते, म्हणून रात्रीचा वेग दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच.

ब्रेक

पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंदांचे अंतर पुरते, पावसात चार धरा. तिने एखादा खांब ओलांडला की मोजायला सुरुवात करायची. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंतच बरेच अंतर संपलेले असते. पर्यटकांच्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्यांना आणखी जागा द्या. त्या नकाशा बघून कुठेही थांबतात.

शेवाळाची गोष्ट वेगळी, पण ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक वापरायचाच नाही, हा समज चुकीचा आहे. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक वापरा, पण पुढचा आधी हलका, वजन पुढच्या चाकावर आले की मग वाढवत. वेग वळणाआधी उतरवा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारायची वेळ आली तर उशीर झालेला असतो. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्यामुळे सरळ रस्त्यावर चाक अडकत नाही, पण कललेल्या गाडीला एबीएसने पकड मिळत नाही. खोल पाण्यातून बाहेर पडल्यावर दोन्ही ब्रेक थोडे अंतर हलके धरून चाला. ड्रम ब्रेक ओले झाले की पहिल्या दाबाला ऐकत नाहीत.

वारा

पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. मांडवी आणि झुआरीवरचे पूल उत्तर-दक्षिण, आणि पश्चिमेला दोन्ही नद्यांची रुंद मुखे समुद्राला उघडी. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, म्हणून आपण तिथल्या जुन्या पुलांवर. पर्वरीहून पणजीला जाताना वारा उजवीकडून लागतो आणि गाडी डाव्या कठड्याकडे सरकते. परतताना तो डावीकडून येतो आणि तुम्हाला जोरात जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूला ढकलतो. आगशी-कुठ्ठाळीच्या झुआरी पुलालाही हाच हिशोब. परतीचा प्रवास जास्त सांभाळायचा.

पुलाआधीच वेग कमी करा. आपल्या लेनमध्ये वाऱ्याच्या बाजूला थोडे सरकून चाला, म्हणजे गाडी ढकलली गेली तरी जागा उरते. गुडघ्यांनी टाकी धरा, पुढे थोडे वाका, आणि हात मात्र सैल ठेवा. घट्ट धरलेले हँडल वाऱ्याचा प्रत्येक धक्का पुढच्या चाकापर्यंत पोचवते. उजवीकडून झोत आला तर उजव्या हाताने हँडल हलकेच पुढे ढकला. गाडी वाऱ्याकडे कलते आणि सरळ जाते. ऐकायला उलटे वाटते, म्हणून एखाद्या मोकळ्या मैदानात कमी वेगात करून पाहा. झोत ओसरला की हाताचा दाब लगेच सोडा, नाहीतर गाडी त्याच बाजूला जाईल.

खरा धोका आडोसा संपतो तिथे असतो. म्हापशाकडे परतताना बसला उजवीकडून मागे टाकलीत, तर तेवढा वेळ बस वारा अडवते. तिच्या तोंडापुढे आलात की तो एकदम अंगावर येतो. पुलावर ओव्हरटेक नकोच. स्कूटरला गुडघ्यांत धरायला टाकी नसते आणि चाकेही लहान, तेव्हा तिच्यावर वेग आणखी कमी. माडांखालून जाणाऱ्या वाटांवर वाऱ्यात झावळी पडते, फांद्याही पडतात. वादळी वाऱ्यात अशा झाडाखाली आसरा घेऊ नका, पेट्रोल पंप गाठा.

पाणी भरले तर

वाळवंटी नदीला पूर आला की साखळी गावात पाणी चढते, आणि लोक गंमत म्हणून गाड्या घालतात. वाहते पाणी असेल तर घालू नका, पाणी उथळ वाटले तरी. साचलेले पाणी चाकाच्या मध्याच्या खाली असेल, आणि समोरून दुसरी दुचाकी सुखरूप आली असेल, तरच पहिल्या गिअरमध्ये, रेस न सोडता, एका चालीने पार व्हा. मध्येच बंद पडली तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेले असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

चोर्ला आणि अनमोड घाटांत धुके दाटते तेव्हा दिवा लो बीमवर ठेवा, हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. दरडीच्या बाजूने ओहोळ रस्त्यावर उतरतात आणि वळणावर खडी टाकून जातात. भर पावसात घाट टाळता आला तर टाळाच.

घरी आल्यावर

चेनवरचा तांबडा चिखल त्याच दिवशी पाण्याने धुवा, चेन वाळली की तेल द्या. पावसात तेल लवकर धुऊन जाते आणि कोरडी चेन दोन रात्रींत गंजते. हेल्मेटचे आतले अस्तर निघत असेल तर काढून पंख्याखाली टाका. गोव्याच्या पावसाळ्यात नुसते खुंटीवर ठेवले तर आठवड्यात बुरशी धरते.