मागच्या एक्सलचा पाना घेतलात का?

कच्च्या वाटेवर मोटरसायकल घेऊन निघताय आणि पंक्चर वाटेतच काढायचं असेल, तर पुढचं वाचण्याआधी गाडीपाशी जा आणि मागच्या एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधोमध जाणाऱ्या दांड्याचा, नट किती मापाचा आहे ते बघा. नुसता अंदाज नको, पाना प्रत्यक्ष बसवून बघा. बऱ्याच ऑफरोड गाड्यांवर तो २४, २७ किंवा ३२ मिलिमीटरचा असतो आणि गाडीबरोबर आलेल्या हत्यारांत त्याचा पाना असेलच असं नाही. तो पाना, शक्यतो लांब दांड्याचा, आत्ता बॅगेत टाका. मग बाकीचं.

मागच्या वेळी माझ्याकडे नवी ट्यूब होती, पंप, पॅच, सोल्यूशन, टायर उचकटायच्या लिव्हर सगळं होतं. सर्वांत मोठा पाना मात्र १९ चा. दगडांच्या वाटेवर मागचं चाक पंक्चर होऊन बसलं, आणि सावली गाठायची म्हणून मी गाडी तशीच अर्धा किलोमीटर चालवत नेली. हवा नसलेलं टायर रिमवर सरकलं, त्याबरोबर ट्यूब ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटला. तिथे पॅच टिकत नाही. साधं भोक असतं तर चाक न काढता, टायरची एक कड उतरवून, ट्यूब तेवढी बाहेर ओढून पॅच लावता आला असता. ट्यूब बदलायची तर चाक निघालंच पाहिजे, आणि नट सुटेना. पकडीने जोर लावला तर नटाचे कोपरे झिजले. सोबतच्या गाडीचा पाना दुसऱ्याच मापाचा निघाला. अंधार पडेपर्यंत गाडी ढकलली. तेव्हा ‘कुणाकडे तरी असेलच’ हे मनातून काढून टाका.

आता ट्यूब. एंड्युरो प्रकारच्या, म्हणजे लांबच्या कच्च्या वाटांसाठीच्या, गाड्यांना पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक असतं. दोन्ही ट्यूब घ्या. जागा एकीचीच असेल तर २१ ची घ्या. अडचणीला ती मागच्या चाकात घालून हळूहळू परत येता येतं, पण १८ ची पुढे घालायच्या भानगडीत पडू नका. ट्यूब कापडात गुंडाळा, नाहीतर बॅगेतल्या हत्यारांवर घासून ती आतच भोकं घेऊन येते. पॅच आणि काचकागद ठेवायचेच. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतून सुकते आणि ते कळतं नेमकं वाटेवर. न उघडलेल्या दोन नळ्या घ्या. लिव्हर तीन, कारण दोन कडेला अडकवल्यावर तिसरीने काम करायचं असतं. व्हॉल्व्हची पिन काढायचं बारकं हत्यार. रिम लॉक, म्हणजे टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून दाबून धरणारी पकड, असेल तर त्याच्या नटाचा पाना. पुढच्या एक्सलला जे लागतं ते, तिथे काही गाड्यांना ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते. आणि मागच्या एक्सलचा पाना. हो, पुन्हा लिहितोय.

पंप हातानेच मारायचा घ्या. गॅसच्या १६ ग्रॅमच्या एका नळकांड्यात मागचं टायर पुरेसं भरत नाही, दोन-तीन लागतात, आणि ट्यूब बसवताना चिमटली की ती सगळी वाया. पंप दमवतो, पण संपत नाही. हवेचा गेज बरोबर असू द्या. हलक्या गाडीवर मातीत हवा १२ ते १५ पीएसआयपर्यंत उतरवतात. त्याहून कमी हवेवर दगड लागला की ट्यूब रिमला चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. एक चीर सापडली की दुसरी शोधा. जाडसर केबल टाय, डोक्याला लावायचा दिवा, हातमोजे, आणि सुटे भाग मांडायला एक फडकं. पाणी वगैरे सांगत नाही.

निघण्याआधीच्या सुट्टीत फक्त बॅगेतली हत्यारं वापरून मागचं चाक घरी एकदा काढून बसवा. गॅरेजच्या पेटीला हात लावायचा नाही. मी हे एकदा केलं असतं तर पाना नाही हे दहा मिनिटांत कळलं असतं. गाडीला मधला स्टँड नसेल तर चाक उचलायचं कसं, हेही तिथेच कळतं: साइड स्टँड, दुसऱ्या बाजूला फांदीचा टेकू, आणि पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून.

वाटेत गाडी मागून डुलायला लागली की थ्रॉटल हळू सोडा आणि पुढच्या ब्रेकने बेताने थांबा. पुढचं टायर गेलं असेल तर मागच्या ब्रेकवर. थांबलात की थांबा. सावलीसाठी, सपाट जागेसाठी गाडी चालवत नेऊ नका. उतरून ढकला.

चाक काढताना चेन ॲडजस्टरची (चेन ताणायच्या स्क्रूची) खूण आणि बुशी, म्हणजे एक्सलवरच्या छोट्या नळ्या, कुठल्या बाजूच्या ते बघून ठेवा. चाक बाहेर असताना मागचा ब्रेक दाबू नका, पॅड आत येऊन बसतात. टायर काढताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा, तरच अलीकडे ढिलाई मिळते. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपा, हळू, मोजे घालून. काटा तिथेच असतो आणि नवी ट्यूबही फोडतो. पॅच लावत असाल तर सोल्यूशनची चमक जाईपर्यंत थांबा, ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो. ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवून घाला, म्हणजे चिमटत नाही. लिव्हरने थोडं-थोडं घ्या. शेवटची कड व्हॉल्व्हपाशी.

हवा भरा, टायरच्या कडेजवळची रेघ रिमभोवती सारखी दिसतेय का बघा. रिम लॉक आवळा. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीपाशी ठेवा. चाक, चेन, एक्सल, नट घट्ट. ब्रेक दोन-चारदा मारून पॅड जागेवर आणा, मगच निघा. थोड्या अंतरावर नट परत तपासा.

काहीच जमलं नाही तर टायर रिमला केबल टायने जागोजागी बांधा आणि चालण्याच्या वेगाने या. घरी आलात की वापरलेलं सोल्यूशन, पॅच भरून ठेवा. पाना पुसून परत त्याच बॅगेत, पेटीत नाही.