जुन्या गाडीत पायाशी ऊब येत नाही? डॅशबोर्ड उघडण्याआधी हे करून पाहा

पहाटे पाचला पुण्यातून वाईला निघालो होतो. गाडी आमची जुनीच, २०१० सालची हॅचबॅक. पुढच्या सीटवर आई, पायांत दोन-दोन मोजे आणि गुडघ्यांवर शाल. हीटरचा नॉब पूर्ण लालवर, ब्लोअर तीनवर. कात्रजचा बोगदा मागे पडला तरी तिचे पाय गारच. "हवा येते रे पायाशी, पण तिला ऊब नाही," आई म्हणाली.

निम्मं निदान या एका वाक्यात होतं. पायाशी हीटर लागत नाही अशी तक्रार असली की बिघाड दोनांपैकी एक असतो: एक तर हवा पुरेशी येत नाही, नाहीतर हवा येते पण ती गरम नसते. दोन्हींचे उपाय वेगळे. हा फरक न करता गॅरेजमध्ये गेलात की "हीटरची कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल" असं ऐकू येतं. डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे दिवसभराची मजुरी, आणि जुन्या गाडीचं प्लास्टिक एकदा निघालं की पुन्हा तसं घट्ट बसत नाही. म्हणून घरी करता येण्यासारख्या तपासण्या आधी करून घ्या.

गाडीतला हीटर वेगळं इंधन जाळत नाही. चालत्या इंजिनाभोवती फिरून ८०-९० अंशांपर्यंत तापलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं. त्याला हीटर कोर म्हणतात; गॅरेजवाल्यांची कॉइल ती हीच. ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो आणि आतल्या झडपा ती हवा काचेकडे, तोंडाकडे किंवा पायाकडे वळवतात. इंजिन तापलं पाहिजे, कूलंट फिरलं पाहिजे, कोर मोकळा पाहिजे, झडपा जागेवर पाहिजेत. यातलं एक जरी बिघडलं तरी पाय गार.

आधी ठरवा: हवा कमी की ऊब कमी

गाडी रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा. जागेवर उभं ठेवून इंजिन नीट तापत नाही. शिवाय तळघरातल्या किंवा बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग एसी बंद, नॉब लालवर, बाण पायाकडे, ब्लोअर पूर्ण. वाकून हात ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या पायाशी धरा. थोडी हवा काचेवरही जाते, ती मुद्दामच तशी सोडलेली असते.

हवाच कमी असेल तर

हे त्यामानाने सोपं. जाड मॅट किंवा नंतर बसवलेलं सात-डीचं आच्छादन वर सरकून हवेचं तोंड झाकत नाही ना, ते पाहा. डॅशबोर्डच्या पोटाशी टॉर्च मारा. हवेच्या नळीचा सांधा निखळलेला असेल तर हवा डॅशबोर्डच्या आतच फिरत राहते. तो हातानेच परत बसतो.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा भाग, गेला आहे. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलंत की मिळतो. बाण फिरवूनही हवेची जागा बदलत नसेल, तर नॉबमागची वायर निसटली आहे. ती सहसा क्लिपमधूनच सुटलेली असते.

केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) असेल तर तो सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. काढून उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसत नसेल तर बदला, झटकून परत लावू नका. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये झाडाखाली लावलेल्या गाड्यांत सुकी पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि त्यावर उंदीर घर करतात. आमच्या ब्लोअरमधून मूठभर कापूस आणि अर्धी कुरतडलेली सुपारी निघाली. घाण वास येत असेल तर हे आधी बघा, आणि साफ करताना मास्क व हातमोजे घाला.

हवा भरपूर, पण ऊब नाही

खरं काम इथे आहे. घाई करू नका.

सुरुवात गार गाडीपासून, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या. बॉनेट उघडा आणि बाटलीतली कूलंटची पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का ते पाहा. रेडिएटरचं झाकणही गार असतानाच उघडा आणि आत काठोकाठ आहे ना ते तपासा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं जुन्या गाडीत अनेकदा आढळतं, कारण झाकणाचं रबर सुकलेलं असतं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी तोंडावर येतं.

पातळी कमी असेल तर कूलंट गेलं कुठे, ते शोधा. शेजारच्या सीटखालचं कार्पेट दाबून पाहा. उन्हाळ्यात तिथे एसीचं पाणीही गळतं, पण ते साधं पाणी असतं. बोटाला चिकट लागलं, गाडीत गोडसर वास आला आणि हीटर लावताच काचेवर तेलकट धुकं धरलं, तर हीटर कोर गळतोय. तेव्हा मात्र गॅरेजलाच जावं लागेल.

पातळी ठीक असेल तर गाडी फिरवून आणा आणि इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. ओढणी, उपरणं, सैल बाही दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन पाइप आत जाताना दिसतील. हे हीटरचे. घडी घातलेलं फडकं हातावर घेऊन दोन्हींना क्षणभर स्पर्श करा.

दोन्ही चांगलेच गरम असतील तर उष्णता कोरपर्यंत पोचते आहे. मग दोष गार-गरम हवा मिसळणाऱ्या झडपेत किंवा तिच्या वायरीत. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कूलंट आतून फिरत नाही: कोर तुंबला आहे, आत हवा धरली आहे किंवा पाइपावरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. कुणाला तरी आत बसवून नॉब फिरवायला सांगा आणि व्हॉल्व्हची दांडी हलते का ते पाहा. दोन्ही पाइप कोमटच असतील तर इंजिनच पुरेसं तापत नाही.

आमच्या गाडीत हेच होतं. पुण्याकडून जाताना खंबाटकी चढू लागलो की हवा कोमट व्हायची आणि घाट उतरून सपाटीला लागलो की पुन्हा गार. तापमानाचा काटा कधी अर्ध्याजवळ येतच नव्हता. इंजिन जोर लावतं तेव्हाच तापतं आणि हायवेच्या वाऱ्यात गार पडतं, याचा अर्थ थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. (याच्या उलट, सिग्नलला उभं असताना गार आणि रेस केल्यावर गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे, हवा धरली आहे किंवा वॉटर पंप थकला आहे.)

थर्मोस्टॅटचं झाकण दोन बोल्टवर होतं. उघडलं तर आत रिकामं! काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या उन्हात गाडी तापत होती म्हणून एका गॅरेजने तो काढून टाकला होता. ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. गाडी तापण्याचं कारण बहुतेक वेळा बंद पडलेला पंखा किंवा तुंबलेला रेडिएटर असतं. थर्मोस्टॅट काढला की ते कारण झाकलं जातं, इंजिन कायम अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि आतून लवकर झिजतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून घ्या. स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता लोंबकळत ठेवा आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर पाण्यात धरा. तापाचा चालणार नाही. आमच्या थर्मोस्टॅटवर ८२ आकडा कोरलेला होता, म्हणजे तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं तशी मधली पितळी चकती आधी केसभर आणि मग सावकाश वर उचलली गेली. गॅस बंद केल्यावर पुन्हा खाली बसली. असं झालं तर वस्तू चांगली. बसवताना गॅस्केट किंवा रबरी रिंग नवीच घाला.

तुंबलेला कोर धुणे

कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाड्यांत गंज आणि क्षार साचून कोर तुंबतो. उपनगरातल्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर धरतो ना, तोच कोरच्या बारीक नळ्यांत धरतो.

गार इंजिनावर दोन्ही पाइपांचे क्लॅम्प सैल करा, खाली परात ठेवा आणि कूलंट नेहमी जिकडून बाहेर येतं तिकडून बागेची नळी लावून हळू पाणी सोडा. हळूच, कारण कोरच्या भिंती पातळ असतात, नळ पूर्ण सोडला तर फुटतील. आधी चहासारखं पाणी येईल, मग गाळ, मग स्वच्छ. दिशा बदलून दोन-तीनदा करा. पाइप जुना असेल आणि निघत नसेल तर ओढू नका, कोरचं टोक तुटतं. पाइप कापून नवा घाला.

परातीतलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी असतं. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.

भरताना हवा काढा

बरेच जण इथे चुकतात आणि सगळी मेहनत वाया जाते. गाडीचं नाक वर राहील अशी सोसायटीच्या उतारावर उभी करा, हॅंडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटरचा नॉब लालवर. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण घ्या. दोन प्रकारची कूलंट मिसळू नका, माहितीपुस्तिकेत सांगितलेलंच वापरा. इंजिन गार असताना झाकण उघडं ठेवून भरा, मग चालू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तशी भरत राहा. बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर झाली की, इंजिन उकळायला लागण्याच्या बरंच आधी, झाकण लावा. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. असेल तर तो वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पातळी परत बघा.

सगळं झाल्यावर पायाशी थर्मामीटर धरून पाहिला, पन्नासच्या वर गेला. थंडीत निघाल्यावर पहिली काही मिनिटं आतलीच हवा फिरवायचं बटण लावा, ऊब लवकर येते. काच धुकायला लागली की बाहेरची हवा चालू करा.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना "थर्मोस्टॅट काढू नये" असं जॉबकार्डवर लिहून घ्या. आणि उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा, गाडी तापलेली असताना, नॉब पाच मिनिटं लालवर फिरवा. वायर आणि व्हॉल्व्ह हलते राहतात.