राजहंसाची रवण: पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक रवणीचे, म्हणजे अंडी उबवण्याचे, दिवस मोजण्यात होते. पहिलं अंडं दिसलं की लोक मोजायला लागतात आणि महिना उलटला की अंडी टाकून देतात. मादी साधारण दिवसाआड अंडं देते, त्यामुळे 8-10 अंडी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ती खुडूक होऊन दिवसरात्र बसू लागली, पोटाची पिसं उपटून घरट्यात पसरू लागली, की तो पहिला दिवस धरा. तिथून 28 ते 31 दिवस.

सोलापुरात खरा घोटाळा होतो तो त्याआधीच्या दिवसांत. मार्चनंतर पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलेल्या अंड्यात उष्णतेनेच अर्धवट वाढ सुरू होते आणि जीव आतच मरतो. म्हणून अंडं रोज उचला, पेन्सिलीने तारीख घाला, माठ ठेवतो तशा गार कोपऱ्यात आडवं ठेवून रोज एकदा फिरवा. घरट्यात एक-दोन खोटी, लाकडी अंडी राहू द्या, नाहीतर मादी जागा बदलते. ती पक्की बसली की गेल्या दहा-बारा दिवसांतली 6-7 अंडी रात्री एकदमच खाली सरकवा. जुनी आम्लेटला.

घरटं शहाबादी फरशीवर नको, मातीवर करा. दोन-अडीच फूट रुंद, मध्ये खोलगट. ज्वारीचा अख्खा कडबा टोचतो, उसाचं पाचट चालतं.

मादी रोज पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, डुंबते. घाबरून अंडी काढून घेऊ नका. ओल्या पिसांनी परत बसते तेव्हा अंड्यांना ओलावा मिळतो, आपल्या कोरड्या हवेत तो हवाच. जवळ पाण्याचं नुसतं घमेलं पुरत नाही, टब ठेवा. या काळात नर मात्र अंगावर येतो, लहान मुलांना लांब ठेवा.

आठव्या-दहाव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नितळ दिसलं तर अंडं वांझ. वास येणारं अंडं हळूच काढा. घरट्यात फुटलं तर बाकीचीही नासतात.

कवचाला टोचा पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस घेतं. तेवढ्यात कवच सोलू नका; आतल्या शिरांतलं रक्त आणि पिवळा बलक पिल्लाने अजून पूर्ण ओढून घेतलेला नसतो.

पिल्लांना नुसतं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिलं तर नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) कमी पडून पाय लुळे पडतात. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पावडर) मिसळा. पहिल्या दिवसापासून बारीक चिरलेला लसूणघास (हिरवा चारा) ही द्या.